चौथी लढाई, सगळे जिवंत

३ मार्च, सोमवार

आजपासून शिस्त. सकाळी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, दुपारी एक तास गेम, मग रोजनिशी. रोजनिशीमुळे विचार स्वच्छ होतात म्हणे.

कुणी चोरून वाचायची भीती नाही. आमच्या घरात आप्पा सही करतात, आई बसच्या पाट्या वाचते, बाकी सगळं मी वाचते. औषधाच्या बाटल्या, वीजबिल, लग्नपत्रिका. गेल्या महिन्यात सिद्धम्मा आत्याचा रक्ताचा रिपोर्टसुद्धा मीच वाचला. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, वैरागला असते. रिपोर्ट ठीक होता. तरी मी तो पुन्हा पुन्हा वाचला. घराण्यातली पहिली बी.कॉम. आहे. मला चुकून चालत नाही.

गेममधली चौथी लढाई आज संपवायचीच होती. थोडी राहिली.

४ मार्च, मंगळवार

'चौकटीतले शिपाई' ग्रुपवर सकाळपासून चर्चा. विषय तोच, चौथ्या लढाईतला पूल. मृत्युंजय म्हणाला, पुलाच्या तोंडाशी चिलखतवाला उभा करा, मागे तिरंदाज. (हा अक्कलकोटचा, मोबाईलचं दुकान आहे, ग्रुपचा ॲडमिन.) सबा म्हणाली, पूल गेला खड्ड्यात, घोडेस्वार नदीतून घाला. मग सलमानने जुना वाद काढला, की असले गेम मोबाईलच्या काचेवर खेळणं पाप आहे, हातात बटणांचा कन्सोलच पाहिजे. "बटण टक् वाजलं की निर्णय घेतल्यासारखं वाटतं," असं त्याने लिहिलं. मला हे फार पटलं. मी अंगठा पाठवला.

ग्रुपमध्ये आम्ही सात जण. सगळे एकच गेम खेळतो. चौकटींचं मैदान, आपले बारा शिपाई, एक चाल आपली, एक शत्रूची. शिपाई मेला की कायमचा गेला, पुढच्या लढायांत तो नाही. ग्रुपचा नियम: मेला तर मेला, रिसेट नाही. लढाई जिंकली की पडद्याचा फोटो टाकायचा.

मी नियम मोडत नाही. शिपाई मरणार असं दिसलं की तो मरायच्या आधीच कन्सोल बंद करते, म्हणजे लढाई पुन्हा पहिल्यापासून. मेलाच नाही, तर नियम कुठे मोडला?

आज पाच वेळा बंद केला. सराव चांगला झाला.

८ मार्च, शनिवार

वाईट दिवस. सिद्धम्मा आत्या मरता मरता वाचली.

गेममध्ये. सुरुवातीला शिपायांना नावं द्यायची असतात. परक्या माणसांची जबाबदारी मनापासून वाटत नाही, म्हणून मी घरचीच दिली. आप्पा चिलखतवाले. जागेवरून हलत नाहीत, शोभतं. आई औषधवाली. आत्या घोडेस्वार. आठच इंग्रजी अक्षरं बसतात, त्यामुळे तिचा शेवटचा ए बाहेर राहिला. तेव्हापासून तिच्याबद्दल जरा अपराधी वाटतं.

आज एक भालेवाला थेट तिच्यावर आला. बंद केलं. पण मन लागेना, म्हणून वैरागला फोन केला. तब्येत विचारली. आत्या म्हणाली, "मला काय धाड भरलीया? आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या की." बरं वाटलं.

यापुढे गेमचा आणि खऱ्या माणसांचा संबंध जोडायचा नाही. ठरलं.

१० मार्च, सोमवार

फक्त एकदाच फोन केला. सहज.

१२ मार्च, बुधवार

आज चौथी लढाई संपलीच असती. पुलावर आप्पा भक्कम उभे होते, आई मागे, आत्या कोपऱ्यातल्या देवळाआड सुरक्षित. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं आणि ते माझी निर्णायक चाल बघून येतं. आईने हाक मारली, "राजू, ती डबी ठेव आणि पिंपं भर." पिंपं भरून आले तर विचारांची साखळी तुटलेली. पहिल्यापासून सुरू केलं.

सबाचा फोन. हा कन्सोलही मूळ तिचाच, तिला मामूंनी नवा आणल्यावर जुना मला दिला. म्हणाली, "राजी, एक मरा तो मरने दे ना गे. मेरे तो पांच मरे."

मी तिला समजावलं की मी भित्री नाही, काळजीपूर्वक आहे. ती बराच वेळ हसत होती. माझ्यावर नसावी.

संध्याकाळी वैरागला फोन. आत्याने उचलल्या उचलल्या विचारलं, "आता काय गं?" आवाज बारीक वाटला.

१५ मार्च, शनिवार

मृत्युंजयचा खाजगी मेसेज. फार सभ्य माणूस आहे. 'ताई, राग मानू नका,' अशी सुरुवात. पुढे कळलं ते असं, की बाकी सहाही जणांचा गेम केव्हाच संपला आहे. शेवटच्या लढाईत असं काही होतं की सलमान दोन दिवस जेवला नाही. पण पुढचं माझ्यासाठी फुटू नये म्हणून सगळ्यांनी शपथ घेतली, राजेश्वरीताईंची चौथी होईपर्यंत चौथीच्या पुढे बोलायचं नाही.

म्हणून ते दोन महिने पुलाबद्दल बोलत होते.

मला वाटत होतं, पूल खरंच त्यांना एवढा आवडतो.

तो म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत, २३ तारखेपर्यंत बघा. नाही जमलं तर काहीतरी करावं लागेल, पोरं फुटायला आली आहेत.

कॉलेजच्या मैत्रिणींची लग्नं झाली. दिवसभरात माझ्याशी जे बोलतात ते एक तर पाण्याबद्दल, नाहीतर परीक्षेच्या तारखेबद्दल. 'तुझा तिरंदाज कुठल्या चौकटीत आहे?' असं विचारणारी माणसं मला या एकाच जागी भेटतात. ग्रुप जाता कामा नये.

आठ दिवस पुष्कळ आहेत. एक लढाई तर आहे.

१७ मार्च, सोमवार

सिद्धम्मा आत्या आली. न कळवता, मोठी बॅग घेऊन.

पाणीसुद्धा न पिता तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. बॅगेतून पाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या. म्हणाली, "हे तुला. इरकल साड्या तुज्या आईला. आता खरं सांग, किती दिवस हायत माजे?"

मला काही समजेना.

"रिपोर्ट तूच वाचलास न्हवं? वाचून गेलीस आन् तवापासनं सारखा फोन. 'आत्या, बरी आहेस ना? आत्या, जेवलीस ना?' शिकल्याली पोरगी उगं विचारती व्हय? गावात सगळ्यांला कळलंय. शेजारची बजाबाई मला बघून रडती."

मग एकदम सगळं सांगितलं. डबी, चौकटी, घोडा, भालेवाला.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मी मरत न्हाय?"

मी म्हटलं, "नाही गं. फक्त डबीत."

तिने माझ्या हातातल्या पाटल्या काढून घेतल्या आणि परत बॅगेत ठेवल्या. साड्यासुद्धा. नंतर आईला हाक मारून चहा मागितला आणि सोबत शेंगाची चटणी-भाकरी. पोट भरल्यावर मला म्हणाली, "आता दाव. कुटं हाय मी?"

१८ मार्च, मंगळवार

आत्याला नीट दिसत नाही, म्हणून मी लढाई सांगते आणि ती ऐकते. अभ्यासाची वेळही यातच जाते, पण पाहुण्याचं करावं लागतं.

तिला माझी मांडणी पसंत नाही.

"मला कोपऱ्यात का बशिवलंय?"

मी म्हटलं, तिथे सुरक्षित आहे.

"घोडा दिलाय की मला! घोड्यावर बसून कोपऱ्यात काय करू, भाकरी थापू?"

मी व्यूहरचना समजावली. ती म्हणाली, "आन् रुद्रप्पाला पुलावर उभा केलायस. त्यो दुकानातल्या गिऱ्हाइकाला भितो." आप्पा बाहेरच बसले होते. त्यांना ऐकू गेलं. जेवताना त्यांनी मला विचारलं, "मी तरी हरलो नाही ना?"

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. बाहेर गेले नाही, कन्सोलमध्ये पाणी गेलं तर? आत्या गल्लीत जाऊन हिरवी होऊन आली. आल्या आल्या विचारलं, "गेले का मी नदीत?" मी म्हटलं, अजून विचार चालू आहे. ती म्हणाली, "अय्यो, सकाळपासनं?"

ग्रुपवर मृत्युंजयने लिहिलं, 'पुलाच्या कठड्याचा रंग छान आहे.'

२१ मार्च, शुक्रवार

अकरा वेळा बंद केला. पण आता मला प्रत्येक शत्रूची चाल पाठ आहे. उद्या नक्की.

२२ मार्च, शनिवार

दुपारी सबा आली. मदत करते म्हणाली. एका बाजूला सबा, एका बाजूला आत्या, मध्ये मी. तीन तास उत्तम चाललं. सगळे बारा जिवंत. पण शत्रूचा सरदार किल्ल्यातून बाहेर पडेना आणि तो मेल्याशिवाय जिंकता येत नाही. कुणीतरी नदीतून पलीकडे जाऊन त्याला डिवचायला हवं. म्हणजे घोडेस्वार.

सबा म्हणाली, "भेज ना गे."

आत्या म्हणाली, "धाड की मला. बसून बसून ढोपरं धरली."

मी दोघींना शक्यता समजावून सांगत होते. आत्या म्हणाली, "साकु, साकु. पुरं झालं. कुटलं बटन?" सबाने बोट दाखवलं. आत्याने माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. टक्.

आत्या नदीतून गेली. सरदार बाहेर आला. त्याच्या मागचे दोन तिरंदाजही आले. पुढच्या चालीला पुलावरून सगळी फौज आत शिरली. आप्पासुद्धा हलले. तुतारी वाजली. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली.

सबा ओरडली. आई धावत आली. आत्या टाळ्या वाजवत होती.

मग तिने विचारलं, "आन् मी?"

मी म्हटलं, "गेलीस."

"बरं. जिंकलो न्हवं?"

"हो."

"मग तुजं तोंड असं का?"

पडद्यावर नावांची यादी होती. अकरा पांढरी, एक राखेच्या रंगाचं. त्या एकाला शेवटचा ए नव्हता. खाली बटण, जतन करायचं का? सबा फोटोसाठी फोन काढत होती. माझ्या शेजारी आत्या गालाला लागलेली चटणी पुसत होती.

बॅटरी फक्त एकेचाळीस टक्के होती. अशा वेळी धोका नको. मी बंद केलं.

मग सबा चप्पल घालून निघून गेली. आत्या माझ्याकडे बघत होती.

"काय केलंस?"

मी म्हटलं, "तुला वाचवलं."

"मला इचारलंस?"

२३ मार्च, रविवार

ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. 'जिंकले होते. सगळे अकरा ठीक. परंतु योग्य वाटले नाही म्हणून पुन्हा सुरुवात करत आहे.' सलमानने जोडलेले हात पाठवले. कशासाठी ते कळलं नाही.

मृत्युंजय म्हणाला, 'ताई, तुम्हाला काढणार नाही. तसं कुणीच करणार नाही.' मला भरून आलं. संध्याकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडला. मग सलमान. मग बाकीचे तिघे, एकेक करून, मध्ये थोडा थोडा वेळ ठेवून, बहुतेक माझ्या मनाला लागू नये म्हणून.

शेवटी सबाचा फोन. "राजी, मेरेकू बी आखरी लढाई की बात करनी है ना गे. दो महिने से मूं बंद करके बैठी मैं. तू चौथी कर, नवीन ग्रुपमध्ये मीच घेते तुला, कसम से." आवाज रडवेला होता. मीच तिची समजूत घातली.

तीही गेल्यावर फोनवर आलं की आता मी ॲडमिन आहे.

जबाबदारी वाढली. नियमांचा फेरविचार करता येईल.

२५ मार्च, मंगळवार

आत्याला एसटी स्टँडवर सोडलं. वैरागची गाडी लागली होती. खिडकीतून म्हणाली, "राजू, मला त्या डबीतनं काढ."

मी म्हटलं, "का गं? आता तर एकदम सुरक्षित ठेवते."

"म्हनूनच. रोज मरायला काडतीस आन् रोज मागं वडतीस. हितं न्हाय, तितं न्हाय. मला कटाळा आलाय. दुसऱ्या कुनाला तरी बशिव." मग गाडी सुटता सुटता, "आन् फोन कर. पन काय झालं तरच."

काही झालं नाही, त्यामुळे घरी येऊन फोन केला नाही. एकदा नंबर लावला होता, कापला.

२७ मार्च, गुरुवार

दोष कुठे होता ते सापडलं. व्यूहरचना अचूक होती, नावं चुकली. माणसांची नावं दिली की जीव गुंततो. नावं नव्याने सुरुवात केल्यावरच बदलता येतात, म्हणून सगळं पुसून पहिल्या लढाईपासून सुरू केलं. यावेळी भांड्यांची नावं. चिलखतवाला पातेलं, औषधवाली पळी, तिरंदाज उलथनं, घोडेस्वार परात. परातीची सगळी अक्षरं बसली, एकही बाहेर नाही. शुभशकुन.

आता मरणाऱ्याने खुशाल मरावं. ग्रुपवर जाहीर केलं, 'नवी मोहीम सुरू. रिसेट नाही.' ॲडमिनने स्वतःपासून सुरुवात करावी.

पहिली लढाई तशी सोपी आहे. सबाने चहा उकळेपर्यंत संपवली होती.

दुपारी चार. परात पुढे पाठवली. बटण टक् वाजलं. दोन भालेवाल्यांनी तिला घेरलं. घेरू दे.

सव्वाचार. परात मरणार होती. बंद केलं.

ती आईच्या रुखवतातली आहे.