लोड घ्यायचा नाही

४ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून निःपक्षपाती चौकशी. विषय: कन्येचं गेमचं यंत्र त्याच्या किमतीच्या लायकीचं आहे का. पहिल्या पगारात तिने ते घेतलं. मी पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालो होतो की एवढ्या पैशात अक्कल मिळाली असती आणि वर थोडे उरले असते. पाहुणे हसले, ती हसली नाही. मग ती नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि तेव्हापासून फोनवर फक्त आईशी बोलते. मला त्याचं काही नाही. २३ तारखेला ती यंत्र न्यायला येणार आहे. तोवर माझा निकाल पुराव्यासह तयार असेल. तिला तो पटेल. दोन-चार प्रश्न विचारेल. मी शांतपणे उत्तरं देईन.

५ नोव्हेंबर
यंत्र पिशवीत घालून कामावर नेलं. ट्रकच्या वजनकाट्यावर उभा जन्म गेला. कुठल्याही वस्तूची पारख मी आधी वजनाने करतो. काट्याच्या मधोमध ठेवलं. शून्य. ज्याला आम्ही 'डिझेल' म्हणतो तो ड्रायव्हर म्हणाला, साहेब, हा काटा वीस किलोच्या खाली तोंडच उघडत नाही, तुम्हीही सोबत उभे राहा म्हणजे दोघांची किंमत एकदम कळेल. दुर्लक्ष केलं. शून्य ते शून्य.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी
टीका करायची तर आत शिरून करावी. देवाला हात जोडले, यंत्र सुरू केलं. पडद्यावर दोन पर्याय: 'लोड गेम' आणि 'न्यू गेम'. लोड! दिवसभर दुसरं काय बघतो मी? शिवाय डॉक्टरांनी बजावलंय, लोड घेऊ नका. न्यू गेम दाबलं. मग त्याने विचारलं, 'ओव्हरराइट?' म्हणजे जुनं ओव्हर, राइट? यंत्राची अदब आवडली. यस.
जंगलात एक माणूस. तो मी. हातात कुऱ्हाड. लांडगा आला. मुक्या जनावरावर हात उचलणं मला जमत नाही. लांडग्याला तशी अडचण नव्हती.

११ नोव्हेंबर
तीन दिवस झाले, लांडग्याला चुकवून नदीपर्यंत पोचतो. नावाडी म्हणतो, 'नवीन दिसता.' रोज हेच म्हणतो. रोज मी भेटतो, रोज नवीन. इतका विसराळू नावाडी विकत देणाऱ्या कंपनीला काय म्हणावं?

१४ नोव्हेंबर
प्रगती नाही. रोज तेच जंगल, तोच लांडगा. उद्यापासून पहाटे उठून सराव.
हिला कन्येचा फोन आला होता. यंत्रावर धूळ बसू देऊ नको म्हणाली. माझी चौकशी केली का, असं मी विचारलं नाही. नाही केली, असं हिने आपणहून सांगितलं.

१५ नोव्हेंबर
पहाटे उठलो नाही. झोप ही देवाची देणगी आहे, ती नाकारणारा मी कोण.

१७ नोव्हेंबर
नावाडी पुढे जाऊ देत नाही, आणि पुढे काय आहे ते बघितल्याशिवाय निकाल कसा देणार? याच विचारात खडीने भरलेला ट्रक रिकामा म्हणून नोंदला. मॅनेजरने विचारलं, काटा झोपला होता की तुम्ही? मी म्हणालो, चिंतन चालू होतं. ते म्हणाले, चिंतनाची हजेरी वेगळी लावत जा.
सहा दिवस राहिले. छातीत धडधडतं. कारण अर्थात चहा.

१९ नोव्हेंबर
घात झाला. नीट लिहितो.
संध्याकाळी ही मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, रोज पहिल्यापासून काय सुरू करताय? लोड दाबा. लोड म्हणजे काल सोडलं तिथून पुढे." हिला कसं माहीत, विचारलं. तर म्हणे, लेकीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मायलेकी मिळून खेळायच्या. दोन कंट्रोलर कशाला असतात? नदीपलीकडे दोघींनी घर बांधलं होतं. ओसरी, मागे परस, विहीर. लेक तिकडे गेल्यावरही ही अधूनमधून एकटीच जाऊन परसाला पाणी घालून यायची. मी यायच्या आत टीव्ही बंद.
"थांबा, दाखवते," म्हणाली. लोड दाबलं. जंगल निघालं. मी आणि लांडगा. पुष्कळ शोधलं तिने, घर कुठेच नव्हतं; पहिल्या दिवशीचं ते 'यस' मला आठवलं. मग कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

२० नोव्हेंबर
रजा टाकली. घर पुन्हा बांधायचं. माणसाने बांधलेलं माणसाला बांधता येतं. ओसरी किती रुंद होती, हिला विचारलं. हिने मिक्सर लावला. आता घरात माझ्याशी न बोलणाऱ्या दोन झाल्या, एक इथे, एक तिकडे.
लांडग्यावर कुऱ्हाड उगारली. देव माफ करो. नेम चुकला, म्हणजे देवाने ऐकलं.

२२ नोव्हेंबर
लोड दाबून गेलो, तर नावाड्याने ओळखलं. नदी ओलांडली. चार भिंती उभ्या, छप्पर टाकलं. रात्री लांडगे येतात म्हणून भिंती दुहेरी केल्या. विहीर जमली नाही, खड्डा झाला. लांबून बघितलं तर फरक कळणार नाही. डोळे चुरचुरताहेत. देवासमोर बसलो तर त्याच्याशी काय बोलायचं ते आठवेना.

२३ नोव्हेंबर
सकाळी आली. वाळली आहे. पिशवी ठेवली, थेट यंत्रापाशी. मी वर्तमानपत्र धरून बसलो. तांत्रिक बिघाड, वीज गेली होती, कंपनीची चूक, अशी तिन्ही उत्तरं तयार होती.
ती पडद्याकडे बघत राहिली. आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मग घराभोवती सावकाश फेरी मारली, एकदा, दुसऱ्यांदा.
"बाबा, दार कुठंय?"
किती दिवसांनी बाबा म्हणाली. आणि या प्रश्नाचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं.
तिने वाट पाहिली, बरीच. मग वायर काढली, यंत्र टॉवेलात गुंडाळलं. दुपारच्या बसने गेली.
निकाल: यंत्र किमतीच्या लायकीचं नाही. उगाच माणसाला अडचणीत टाकणारे प्रश्न निर्माण करतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उत्तर सुचलं. हिच्या फोनवरून लावला. तिने लगेच उचलला, "हं, आई." मी सांगितलं, दार मी सगळ्यात शेवटी करणार होतो.
ती म्हणाली, "आईला द्या."
दिला.