पट्टीनं आखलेल्या गावातली गुढी

कोल्हापूर, मंगळवार

ती. आक्कास, धाकट्या राजवर्धनचा दंडवत. तुझा गुडघा आणि दाजींचा आवाज कसा आहे? (एक दुखतो, दुसरा दुखवतो.) आम्ही उभयता फ्रान्सहून सुखरूप पोचलो.

आपली स्नेहल आणि जावईबापू राहतात ते गाव चारशे वर्षांपूर्वी कुणा कारभाऱ्यानं कागदावर पट्टी ठेवून आखलं. रस्ते सरळ, घरं कवायतीला उभी केल्यासारखी. त्यांचं भाड्याचं घर तर संरक्षित वास्तू. खिडकीचा रंग बदलायचा तरी कचेरीची परवानगी. (आपल्याकडं आधी मजला चढतो, परवानगी मागून धापा टाकत येते.) अशा घरात पाडवा आला. मी वरच्या खिडकीतून गुढी उभारली. हिची पैठणी, तांब्या आणि इथून नेलेली साखरेची माळ.

थोड्याच वेळात कचेरीतल्या बाई दारात. शेजाऱ्यानं कळवलेलं. दर्शनी भिंतीवर काही टांगायचं नाही, लगेच उतरवा, म्हणाल्या. घरमालक बाहेर काढेल म्हणून स्नेहलचा चेहरा उतरला. पण वर्षाच्या पहिल्याच दिवशी लेकीच्या घरची गुढी भर दुपारी उतरवायची? मी म्हणालो, "सूर्य मावळल्याबिगर गुढी उतरत न्हाय, सांग त्यास्नी."

तिनं काय सांगितलं देव जाणे. (बापाच्या डोक्याबद्दल दोन शब्द जास्तच असावेत.) बाई स्वतः माडीवर चढल्या आणि भिंतीत खिळा शोधू लागल्या. खिळा कुठला? काठी पलंगाच्या पायाला सुतळीनं आवळलेली, उसाची मोळी बांधावी तशी, आणि चौकटीला ओरखडा नको म्हणून मध्ये माझा टॉवेल. बाईंनी गाठ ओढून बघितली, टॉवेल उचलून बघितला. मग स्नेहलच्या तोंडून निकाल आला, "भिंतीला धक्का नाही. मावळतीपर्यंत राहू द्या."

मी कडुनिंब-गूळ पुढं केला. बाईंनी तोंड वाकडं न करता खाल्ला. श्रीखंड दोनदा घेतलं.

आक्का, त्या सरळ गावात दिवसभर एकच गोष्ट कलती उभी होती, आणि ती आपली होती. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण मान वर करून बघत होता. ऊर भरून आला बघ.

तुझा,
राजवर्धन

ता. क. श्रीखंडाच्या भरात मी बाईंना बोलून गेलो, की कोल्हापूरकडं माझंही घर जुनं, लाकडी सोप्याचं, एक खुंटी बदललेली न्हाय. बाई येत्या दिवाळीत ते बघायला येताहेत.

दुसरा ता. क. माझ्या घराला आता शटर आणि चकचकीत टाइल्स आहेत, हे तुला ठाऊकच. लाकडी सोपा उरलाय तो तुमच्या पेठ वडगावच्या घराला. दाजी तिथं स्लायडिंग खिडक्या बसवायच्या म्हणतात, तेवढं दिवाळीपर्यंत लांबव. आणि दाजींना सांग, बाई असतील ते दोन दिवस त्या घरात माझं पावणं म्हणून राहा.