दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, दामोदर केशव गुप्ते, वय ७४, निवृत्त केमिस्ट, राहणार घडियाळी पोळ, बडोदे, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाचीही भीड न धरता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. भीड धरावी असे घरात कुणी उरलेलेही नाही. पत्नी निरुपमा नऊ वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही.

१. राहते घर पुतण्या उन्मेष यास द्यावे. तो दिवाळीला फोन करतो आणि तिसऱ्याच वाक्याला विचारतो, "काका, घरना दस्तावेज सांभाळून ठेवलेत ने?" ठेवले आहेत. कपाटात, डाव्या कप्प्यात.

२. वाघोडियाच्या एका रंगाई कारखान्यात सांडपाण्यातला रंग काढण्यात माझी एकतीस वर्षे गेली. त्याच्या बावीस वह्या तिथे आता माझ्या जागी असलेल्या मालविका प्रधान हिला द्याव्यात. कोणता रंग चुना-हिराकसाने खाली बसतो, कोणता हटवादी रंग कोळशातूनच गाळावा लागतो, सारे लिहिले आहे. मुली, झटपट गेलेल्या रंगावर विश्वास ठेवू नकोस.

३. खिडकीतली बाटली धुऊ नये. वर पाणी नितळ दिसते, हलवली की निळी होते.

निळ्या पाण्यात हायड्रोची पूड टाकली की रंग डोळ्यांदेखत जातो, पण हवा लागली की परततो. म्हणून आमचा नियम होता: नमुना रात्रभर उघडा ठेवायचा, सकाळी बघायचा, मगच पाणी सोडायच्या चिठ्ठीवर मी सही करायची. २०१४ साली, माझ्या सत्काराच्या दिवशी, गाडी चुकू नये म्हणून मी दुपारीच सही केली. संध्याकाळी गावापर्यंत नाला निळा झाला. बाटली त्या दिवशीच्या नमुन्याची आहे.

व्हॉल्व्ह उघडला होता मानसिंगराव घोरपडे यांनी. एकोणीस वर्षे आम्ही एकत्र डबा खाल्ला. पोळ्या आमच्या, शेंगदाण्याची चटणी त्यांची. चौकशीत ते म्हणाले, "साहेबांची चिठ्ठी होती." मी म्हणालो, "मला आठवत नाही." व्हॉल्व्हपाशी अडकवलेली चिठ्ठी मी आधीच काढून घेतली होती, माझ्या खिशात होती. त्यांची नोकरी गेली, माझ्या घरी सत्काराचा नारळ आला. तेव्हापासून डबा एकट्याने खाल्ला. आता घरीही एकटाच जेवतो. फार एकटे वाटते. हे वकिली कागदात बसत नाही, तरी लिहितो.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. दोष माझा होता.

४. मानसिंगरावांना काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील सांगतात, आणि मला त्यांची साक्षच हवी आहे. पहिली सही शेजारच्या पूर्णिमाताई करतील. दुसरीसाठी वाडीत निरोप धाडला आहे. मानसिंगराव आले नाहीत तर हा कागद रद्दी, पण ती जागा तिसऱ्या कुणाला देणार नाही.

सही: दामोदर केशव गुप्ते
बडोदे, १९ जानेवारी २०२५

साक्षीदार १: पूर्णिमा वैद्य, घडियाळी पोळ

साक्षीदार २: मानसिंगराव घोरपडे, वाडी

(दुसऱ्या सहीखाली, त्याच अक्षरात)
दामोदरभाई, चिठ्ठी तुमच्या खिशात घातलेली मी तेव्हाच पाहिली होती. बोललो नाही. वाटलं, तुम्ही स्वतःच घरी याल. आठवडाभर तुमचं पान मांडून ठेवलं होतं.