सदर गाडी बेवारस नसून प्रवासात आहे

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
बेवारस वाहने उचल विभाग,
शहर वाहतूक कार्यालय, दुसरा मजला,
जिन्यावरून डावीकडे.
(उजवीकडे पाणीपट्टी विभाग आहे. तेथे हाच अर्ज काल चुकून स्वीकारला गेला असून त्यावर "नळजोडणी नियमित करावी" असा शेरा मिळाला आहे.)

विषय : आमची गाडी उचलून नेण्याची नोटीस मागे घेणेबाबत, व ते न जमल्यास इतर.

संदर्भ : १) आपली नोटीस, गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवलेली. (आम्ही बराच वेळ गाडीच्या आत असतो, त्यामुळे ती मागून व उलटी वाचावी लागली. जावक क्रमांक नीट लागला नाही, क्षमस्व.)
२) चारही चाकांवरच्या खडूच्या खुणा.

महोदय,

खाली सही करणारा मी, गाडीमालकांचा एकुलता एक मुलगा, आपणांस सविनय कळवतो की,

१. सदर वाहन "बऱ्याच काळापासून एकाच जागी पडून असल्याने बेवारस दिसते" आणि मुदतीत न हटवल्यास ते क्रेनने उचलले जाईल, असे आपण नोटिशीत म्हटले आहे. यातले "एकाच जागी" आम्हाला मान्य आहे. "पडून" मान्य नाही, गाडी उभी आहे. "बेवारस" तर मुळीच मान्य नाही, कारण वारस मी आहे आणि अर्ज लिहितो आहे.

२. माझे वडील (यापुढे "बाबा") नोकरीत होते तेव्हा एका कारखानदारांची गाडी चालवत. गाडी मालकांची, पेट्रोल मालकांचे आणि मागच्या सीटवर हसणारे-भांडणारे कुटुंबही मालकांचेच. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ही गाडी घेतली ती एवढ्यासाठीच, की आरशात पाहिल्यावर आपली माणसे दिसावीत. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी आरसा तीनदा नीट केला. आई म्हणाली, "अहो, मी काही पळून जात नाही."

३. त्यानंतर पेट्रोल महाग होऊ लागले. आम्ही कोणाला दोष देत नाही. ते आपल्या विभागाकडे नसावे. पहिल्या दरवाढीला आम्ही एसी बंद केला. दुसऱ्या दरवाढीला लांबच्या नातेवाइकांशी संबंध तोडले. तिसऱ्या दरवाढीला जवळच्या नातेवाइकांना लांबचे ठरवले. पुढे असे ध्यानात आले की पंपावर जाऊन पेट्रोल भरून घरी येईपर्यंत भरलेल्यातले बरेचसे संपलेले असते. पंप आणि आपले घर आतून मिळालेले आहेत, असे बाबांचे मत झाले. अखेर सखोल विचारांती गाडी हलवणे बंद करण्यात आले. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने आमचे मायलेज ऐकून हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढं ॲव्हरेज देणारी गाडी मी जन्मात पाहिली नाही."

४. गाडी हलवणे बंद झाले, फिरणे नाही. हा मुद्दा आपल्या नोटिशीत राहून गेला आहे. आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जातो. बाबा स्टिअरिंगवर, आई त्यांच्या शेजारी, मागे आत्या (बाबांची थोरली बहीण) आणि मी. सर्वजण पट्टे लावतात. बॅटरी उतरल्यामुळे कामांची वाटणी करावी लागली आहे : हॉर्न आई वाजवते, तोंडाने; वळताना आत्या खिडकीतून हात काढते; इंजिनाचा आवाज मी काढतो. गिअर बदलला की आवाजही बदलावा लागतो, नाहीतर बाबा म्हणतात, "तिसऱ्यात घातलाय मी, तू अजून दुसऱ्यात काय कण्हतोयस?" माझा घसा बसल्यास गाडी उतारावरून नेण्यात येते.

५. तळमजल्यावरचे शिंपीकाका रोज आमच्याबरोबर त्यांच्या बहिणीकडे जातात. हा नियम झाल्यापासून ते कधीही उशिरा पोहोचलेले नाहीत. फक्त मागच्या आठवड्यात बाबा गर्दीत अडकले, तेव्हा काका कुरकुरले, "यापेक्षा चालत गेलो असतो तर आतापर्यंत पोचलो असतो." बाबांनी शांतपणे सांगितले, "मग उतरा." काका उतरले नाहीत. भर रस्त्यात कोण उतरतो?

६. गाडीत कौटुंबिक वादही नियमित होतात, यावरून वाहन वापरात असल्याचे सिद्ध होते. त्यातला मुख्य वाद तळ्याचा. तो थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण शेवटी त्याचा संबंध आपल्या क्रेनशी येतो. शहराबाहेर जे मोठे तळे आहे, तिकडे एकदा जावे अशी आईची फार दिवसांची इच्छा आहे. ती रोज मोठ्या चौकात म्हणते, "आज तळ्याकडे घ्या ना." बाबा गाडी रोज चौकातून परत फिरवतात. आईने एकदा कारण विचारले. बाबा म्हणाले, "तळ्यापर्यंत जाऊन-येऊन पेट्रोल किती लागतं माहीत आहे? या भावात?" आई म्हणाली, "अहो, पण गाडी जागेवरच आहे ना!" त्यावर बाबा म्हणाले, "म्हणून काय उधळपट्टी करायची?" त्या दिवशी घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. हॉर्नही वाजला नाही, ते धोकादायक होते.

७. आता आपल्या कार्यालयाच्या पाहणीविषयी. आपल्याकडून जे साहेब आले (गल्लीत त्यांना "टेपवाले साहेब" म्हणतात, कारण ते आल्याबरोबर गाडीची लांबी मोजतात; ती दोन्ही वेळा सारखीच भरली), त्यांनी प्रथम चाकांवर आणि चाकांखालच्या रस्त्यावर खडूने एकच रेघ ओढली. रेघ जुळलेली राहिली तर गाडी हलली नाही, असे त्यांचे शास्त्र आहे. दुसऱ्या दिवशी आईने सवयीप्रमाणे गाडी ओल्या फडक्याने पुसली आणि रस्त्याचा तो भागही स्वच्छ केला. खूण गेली. गाडी हलल्याचा उत्तम पुरावा आपोआप तयार झाला होता. परंतु बाबांना हे कळताच त्यांनी मला खडू आणायला पाठवले. "आपली गाडी खोट्यावर चालत नाही," ते म्हणाले. चारही रेघा मी पुन्हा ओढल्या. साहेबांच्या रेघांपेक्षा त्या सरळ आल्या आहेत, कृपया फरकाची नोंद घ्यावी.

८. टेपवाले साहेब दुसऱ्यांदा आले तेव्हा आम्ही घाटात होतो. साहेबांनी काहीही न विचारता बाबांच्या बाजूचे दार उघडायला हात घातला. बाबा ओरडले, "अहो साहेब, चालत्या गाडीचं दार काय उघडता! मरायचंय का?" साहेब उडी मारून दोन पावले मागे गेले. आपण न्यायबुद्धीने विचार करावा : गाडी उभी होती असे साहेबांचे म्हणणे असेल, तर ते मागे का गेले?

९. बाबांनी गाडी बाजूला घेतल्यावर साहेब आत बसले. आत्याला घाटात गाडी लागते, हे त्यांना सांगण्यात आले होते. "न हलणाऱ्या गाडीत गाडी लागणं शक्यच नाही, ताई," असे साहेब हसून म्हणाले. आत्याने वाद घातला नाही. तिने पुरावा जागेवरच सादर केला. साहेबांच्या बुटांबद्दल आम्हा सर्वांना मनापासून वाईट वाटते.

१०. बूट पुसता पुसता साहेबांनी आपुलकीने सल्ला दिला की एकदाच सुरू करा, चार पावले पुढे घ्या, मी खूण मोडली असे लिहितो आणि विषय मिटवतो. सल्ला चांगला आहे. अडचणी तीन आहेत. पहिली, टाकीत तळाशी जे पेट्रोल आहे ते आत्याच्या आजारपणासाठी राखलेले आहे आणि त्याला हात लावायचा नाही असे आत्यासमोर ठरले आहे. दुसरी, गाडी चार पावले पुढे गेली की मागच्या चार पावलांत समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर त्यांची गाडी घुसवतील. ते खिडकीत टपूनच असतात. एकदा जागा गेली की नवी शोधायला गल्लोगल्ली फिरावे लागेल, आणि जागा शोधण्याइतके पेट्रोल असते तर आम्ही तळ्यालाच गेलो असतो. राहिला मार्ग ढकलण्याचा, आणि तिसरी अडचण तिथेच आली. शिंपीकाका, गॅरेजवाला आणि मी अस्तन्या सरसावून आलो होतो. बाबा दार लावून आत बसले आणि काच खाली करून म्हणाले, "ढकलतात ती बंद पडलेली गाडी. माझी बंद पडलेली नाही. थांबलेली आहे." आम्ही अस्तन्या खाली केल्या.

११. नोटीस चिकटली त्या दिवसापासून काय घडले, तेही नमूद करतो. आपल्या कार्यालयाचा डिंक उत्कृष्ट आहे. नोटीस निघत नाही. ती नेमकी बाबांच्या डोळ्यांसमोर येत असल्याने ते तिरके वाकून गाडी चालवतात व त्यांची मान धरली आहे. पहिल्या दिवशी ते जेवायला बसले. घास तोंडात होता आणि एक हात ताटाशेजारी पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता. आई म्हणाली, "अहो, घर न्यूट्रलमध्ये आणा आणि जेवून घ्या." एरवी ते हसले असते. परवा ते मला म्हणाले, "क्रेन आली तर तू खाली जा. मी वरच थांबेन. मालकांची गाडी विकली गेली तेव्हाही मी बघितली नव्हती." मी इंजिन आहे, साहेब. मला त्यावर कुठला आवाज काढावा ते सुचले नाही. म्हणून अर्ज करतो आहे.

१२. तरी विनंती की, वाहन नियमित वापरात आहे असे धरून नोटीस मागे घ्यावी. आमच्या गाडीने आजतागायत वेगमर्यादा ओलांडलेली नाही, सिग्नल तोडलेला नाही, धूर सोडलेला नाही, कोणाला धडक दिलेली नाही. शहरातल्या प्रत्येक वाहनाने आमचा कित्ता गिरवल्यास आपल्या विभागाचा ताण निम्म्याने कमी होईल आणि टेपवाले साहेबांना नवे बूट घेण्याची वेळ येणार नाही.

१३. वरील विनंती नियमात बसत नसल्यास पर्यायी विनंती अशी. आपण उचललेल्या गाड्या ज्या मैदानात ठेवता, ते मैदान तळ्याच्या पलीकडे आहे, असे मला आपल्या शिपायांकडून समजले. तिकडे जाणारा रस्ता तळ्याच्या काठाकाठाने जातो, हेही खरे आहे काय, असे मी त्यांना दोनदा विचारले. ते हो म्हणाले. क्रेनमध्ये पेट्रोल की डिझेल, हेही विचारले. ते म्हणाले, "काय असेल ते सरकारी असतं."

तरी आमची गाडी उचलायचीच झाल्यास ती आम्ही आत बसलेले असताना उचलावी. आम्ही चौघे. शिंपीकाका बहिणीच्या दारात उतरतील, तेवढे एक मिनिट क्रेन थांबवावी. आत्या खिडकीशी बसेल आणि पिशवी आम्ही आमची आणू. मोठ्या चौकात क्रेनने कृपा करून परत फिरू नये, सरळ जावे. आईला आम्ही आधी काही सांगणार नाही. बाबांना सांगावे लागेल, नाहीतर ते वर थांबतील.

आणखी एक. मालकांना घेऊन बाबा त्या तळ्यावरून असंख्य वेळा गेले आहेत, पण नजर रस्त्यावर ठेवून. तळे कसे आहे असे मी त्यांना लहानपणी विचारले होते. ते म्हणाले होते, "डाव्या बाजूला आहे." आमची गाडी क्रेन ओढत असेल, तेव्हा त्यांना समोर पाहावे लागणार नाही. क्रेनच्या चालकांना एवढेच सांगावे की काठावरून जरा हळू घ्या. त्या दिवशी मी इंजिनाचा आवाज काढणार नाही.

आपला,
हँडब्रेक ओढून नम्रपणे उभा असलेला,
(सही)
गाडीमालकांचा मुलगा, तथा इंजिन

दिनांक : मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, फिरून आल्यावर.

सोबत जोडले आहे :
१) शिंपीकाकांचा दाखला, की ते रोज बहिणीकडे सुखरूप पोहोचतात. (बहिणीचा उलट दाखला, की तो वर्षभरात फिरकला नाही, हा त्यांचा घरगुती प्रश्न आहे.)
२) खडूचा उरलेला तुकडा.
३) परिच्छेद ९ मधील पुरावा जोडता आला नाही. तो टेपवाले साहेबांसोबत कार्यालयात आलेला आहे.
४) काचेवरच्या नोटिशीचा फोटो, आतून काढलेला. पुढे दिसतात ते बाबा.