चालू असताना काढलेली केबल

दिग्रस,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय शीलाताई,

सप्रेम जयभीम. भाऊजी आणि खुशी मजेत असतील. इकडे जिनिंगचा सीझन सुरू झाला. सकाळपासून कापसाच्या गाड्या काट्यावर उभ्या असतात आणि मी खिडकीत बसून पावत्या काढतो. मायची तब्येत बरी आहे. गळ्याचं छिद्र ती आता आरशात पाहून स्वतःच स्वच्छ करते. जेवण पातळच, पण पोटभर जातं. गाठ परत आलेली नाही, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले.

पत्र पाहून तू दचकली असशील. आपल्या घरात पत्र कोण लिहितं? फोनवर तीनदा सांगायला घेतलं, आणि तिन्ही वेळा खुशीच्या शाळेचं विचारून फोन ठेवून दिला.

कंप्युटरचं सांगायचं आहे. तू दर वेळी विचारतेस, "कुठवर आलं?" आणि मी म्हणतो, "चालू आहे."

ऑपरेशनमध्ये मायचा आवाज कायमचा जाणार हे कळलं, तेव्हा त्याआधी तू आठ दिवस सुट्टी काढून आलीस आणि मायच्या पुढ्यात मोबाईल ठेवून तिला बोलतं केलंस. वंदना, पाळणे, आंबाडीची भाजी, बाबांशी झालेली भांडणं, मावशीची नक्कल. नऊ तास. "बस कर व शीले, माह्यं तोंड दुखलं," ती म्हणत होती आणि तू ऐकत नव्हतीस. ते सगळं मी तुझ्या फोनमधून माझ्या विटेएवढ्या कंप्युटरवर घेतलं. त्यावरून मशीनला तिचा आवाज शिकवायचा, मग मायनं मोबाईलवर लिहिलं की ते तिच्याच आवाजात ऐकू येईल, असं आपलं ठरलं होतं.

त्या छोट्या कंप्युटरला हे काम झेपेना. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि कार्ड कंप्युटरहून मोठं. आत मावत नाही, बाहेरूनच जोडावं लागतं. माझ्यासोबत आयटीआयला असलेला घनश्याम आता यवतमाळला कंप्युटर दुरुस्त करतो. त्याच्याकडे जुनं कार्ड मिळालं. जोडायचे दोन मार्ग त्यानं सांगितले. एक म्हणजे तयार पेटी. कार्ड तिच्यात बसवायचं आणि पेटीची जाड केबल कंप्युटरच्या मागच्या पोर्टात खोचायची. काही उघडायला नको, काही बिघडायचं भय नाही. पण पेटी बाहेरून मागवावी लागणार, महिना-दीड महिना जाणार. दुसरा मार्ग ऑक्युलिंकचा. कंप्युटर उघडून डिस्कशेजारच्या खाचेत एक पट्टी बसवायची, तिची केबल बाहेर काढून कार्डाला जोडायची, कार्डाला वीज वेगळी द्यायची. वेग जास्त, आणि सामान त्याच्या दुकानात तयार.

घनश्याम म्हणाला, "तुह्या कामाले वेगाचा काही फरक नाही पडत. पेटी मागव. अन् हेच घ्यायचं असन तर ध्यानात ठेव, चालू असताना केबल काढायची नाही. दोन्ही बंद करायचं, मंगच हात लावायचा. अन् आवाज पह्यले दुसरीकडे उतरवून घे."

"घेतला," मी म्हणालो.

ताई, हेच मी तुला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. तू विचारलंस, "धम्मा, कॉपी काढलीस ना? माझा फोन भरला, पुसू का?" मी काट्यावर होतो, समोर सरकीच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडत होता. मी म्हणालो, "हो, दोन ठिकाणी ठेवलं. पूस." घरी जाऊन काढू, असं मनात होतं. त्या संध्याकाळी काढली नाही. विसरलो असंही नाही. रोज आठवायचं आणि रोज उद्यावर जायचं.

आणि मी ऑक्युलिंक घेतलं. का, ते महिनाभर स्वतःला विचारतो आहे. माय रोज पाटीवर लिहायची, "झालं काय?" म्हणून घाई केली, असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. माय थांबली असती. तू यायच्या आत मलाच करून दाखवायचं होतं. दवाखाना, रक्त, कागदपत्रं, सगळं तू केलंस. एक तरी गोष्ट माझ्या हातून व्हावी असं वाटलं.

पाच ऑक्टोबरला, रविवारी दुपारी जोडायला बसलो. माय शेजारी खुर्ची घेऊन बसली. पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते तिनं पाटीवर लिहून ठेवलं होतं: "खुशे, जेवली काय व?" कार्डाचा पंखा फिरला, पण कंप्युटरला कार्ड दिसेना. बंद केलं, चालू केलं. तीनदा. चौथ्यांदा वाटलं, केबल नीट बसली नसेल. चालू असतानाच मी ती ओढली आणि परत खोचली. घनश्यामचं बोलणं मला आठवत होतं, ताई. आठवत असताना ओढली. चट् असा बारीक आवाज आला, मग जळका वास. स्क्रीन काळी झाली.

डिस्क काढून नागपूरला नेली. तिथल्या माणसानं भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "चिप जळली, भाऊ. यातून काही निघत नाही." दुसऱ्याकडे गेलो. तोही तेच म्हणाला.

नऊ तासांतला एक शब्द उरलेला नाही.

मायला मी सांगितलं, "मशीन शिकून राह्यली, माय, वेळ लागते." तीन आठवडे हेच सांगितलं. ती मान हलवायची. कंप्युटरवर धूळ बसू नये म्हणून तिनं त्यावर धुतलेला रुमाल टाकला. गेल्या सोमवारी ती तो रुमाल बदलताना दिसली. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. पाटी कोरीच होती, तरी तिनं ती पदरानं पुसली. मग लिहिलं, "शीलीले मालूम हाय काय?" मी नाही म्हणालो. "सांग," तिनं लिहिलं. एवढंच.

हा आठवडा मी दारोदार फिरलो. विहारातल्या बायांच्या फोनमध्ये वंदनेचे व्हिडिओ आहेत, पण सगळ्यांचे आवाज एकत्र. त्यात माय कोणती, ते मलाही ओळखता आलं नाही. फक्त शेजारच्या बेबीताईच्या फोनवर मायनं कधीतरी गिरणीवरून पाठवलेला एक व्हॉइस मेसेज निघाला, चार सेकंदांचा: "बेबे, लाइन गेली, गिरणी बंद हाय, दळण नको आणू." घनश्यामच्या मशीनवर त्यातून आवाज बनवून पाहिला. जो आला तो बातम्या देणाऱ्या एखाद्या बाईचा होता.

काल तो मेसेज मायला ऐकवला. तिनं फोन कानाशी धरून दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर तिनं माझा हात धरला आणि पाटी ओढून लिहिलं, "बंद कर. मी मेली असं वाटते."

त्यानंतर तिनं पाटी हातात घेतलेली नाही. काही हवं असलं तर बोटानं दाखवते.

तू पंधराला येते आहेस. मी घरीच असेन, कामाचं निमित्त करून कुठं जाणार नाही. जे बोलायचं ते मायच्या समोर बोल, तिच्यापासून लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. माफी मागत नाही, कारण ती तू दिलीस तरी मी ती कुठं ठेवणार? एकच ऐक. आवाज तू पुसलास, असं स्वतःला कधीही म्हणू नकोस. मी पूस म्हणालो, म्हणून तू पुसलास.

ज्याच्या शब्दावर तू विश्वास ठेवलास, तो
धम्मरत्न