टाके काढायचे राहिले

बाबा,

जयभीम. तुम्ही फोन उचलून नाही राहिले, म्हणून लिहून राहिली.

आज तुमचे टाके काढायचे होते. तुम्ही तिथं तरी याल म्हणून समता कॉलोनीच्या दाताच्या दवाखान्यात मी एकटीच गेली. डॉक्टर दीदीनं विचारलं, "पापा नहीं आए?" लेकीवर रुसून अभनपुरले काकाकडे जाऊन बसले, हे कोणत्या तोंडानं सांगू?

खालचे सारे दात हलत होते तुमचे. दीदीनं हिरड्या उघडून आतली घाण काढली, टाके घातले अन् एकच गोष्ट बजावली, तंबाखू बंद. अन् आठवडाही झाला नाही, तर तुम्ही अंगणात बसून त्याच जखमेवर तंबाखूचा गुडाखू घासून राहिले होते! मी डबी नालीत फेकली अन् ओरडली, "काहून करता असं? दात पाहिजे का नाही तुम्हाले?"

तुम्ही हळूच म्हणाले, "तुझी आई अन् मी रोज सकाळी सोबतच लावत होतो. ती गेली. आता तेवढंच उरलं."

अन् मी, बाबा, आणखी ओरडली. आईची आठवण काय तुम्हालेच येते?

राग अजून गेला नाही माझा. पण टाके तसेच राहिले तर पिकतील, अन् पत्र पोचेपर्यंत थांबायला वेळ नाही. हे मी पोस्टात टाकतच नाही. उद्या पहिल्या बसनं मीच येते तुम्हाले दवाखान्यात न्यायले. आधी ओरडीन, ते तर ठरलंच आहे. मग तुमच्याजवळ ओट्यावर बसीन. आई अन् तुम्ही रोज सकाळी आपल्या अंगणात बसून काय बोलत होते, ते मले सांगा.

तुमची,
चेतना