बोटभर उंची

मंठा,
१२ जानेवारी

तीर्थस्वरूप वंदनाअक्कांना उषाचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळं ठीक आहे. तूर खळ्यावर आली. पत्र बघून दचकू नका. फोनवर बोलावं तर तुमचे भाऊ कान टवकारून शेजारीच बसलेले असतात.

ऑपरेशननंतर माझे दोन्ही गुडघे झकास आहेत. कापही लहानसाच. ऑपरेशनच्या वेळी हाडाला चकाकणारे बारके गोळे लावतात, कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवतो नि पडद्यावर पायाची रेघ उमटते. हाड कुठं, किती तिरपं कापायचं ते डॉक्टर त्यावर बघून ठरवतात. माझे फेंगडे पाय सरळ झाले, आणि तिथंच पंचाईत झाली. मी उंच झाले.

तुमचे भाऊ काही केल्या मानेनात. मग नातीनं, आकांक्षानं, आम्हा दोघांना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. मी बोटभर वर. तेव्हापासून तुमचे भाऊ घरातसुद्धा टोपी घालून बसतात. जेवतानाही. मला इतकं हसू येतं की तव्यावरची भाकरी करपते.

पण अक्का, त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट झालेत. खाटेवरून उठताना तोंड फिरवून घेतात. ऑपरेशनचं नाव काढलं की शेताकडं निघून जायचे. परवा माझ्या तपासणीला जालन्याला सोबत आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "ही बोटभर वाढली. मला दोन बोटं वाढवा. तुमच्या कम्प्युटरात बराबर टाकून ठेवा."

डॉक्टर हसले. "रामप्रसादकाका, पाय सरळ होईल तेवढंच वाढाल."

"चालतंय. मंग तारीख द्या जल्दी."

मला तिथंच आनंदानं रडू आलं. पुढच्या गुरुवारची तारीख आहे.

परतताना गाडीत एवढंच बोलले, "अक्काला सांगू नको. ती उगं जिवाला लावून घेईल, न्हाई तर." माझा हात धरला होता, तो मंठा येईपर्यंत सोडला नाही. भीती कुणाला वाटतेय ते मला कळलं.

सासूबाईंच्या मागं तुम्हीच त्यांना वाढवलंत. बुधवारी शहागडहून या. पत्राचं काही बोलू नका, सहज आले म्हणा. माझ्यापुढं ते शूरच राहणार. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांना एकदा मनसोक्त घाबरू द्या.

वाट बघणारी,
तुमची भावजय
उषा